भिंतीवरचं नागपूर

यंदाच्या उन्हाळ्यात लग्न करून इंग्लंडला, कॉव्हेंट्रीला आली तेव्हा धम्मशीलाने हट्टाने स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ लावलं. एक इथलं, एक नागपूरचं. तिकडे बाबा होते ना!

आज त्या घड्याळावरून तिची नजर हटत नव्हती. संध्याकाळी पाचनंतर डॉक्टर बाबांच्या घशात श्वासाची नळी घालणार होते. मग बोलणं बंद, कदाचित कायमचंच. पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकलेला, त्यामुळे विमानात बसणंही तिच्या हाती नव्हतं. हॉस्पिटलात भेटीची वेळ तिकडच्या चार ते पाच. तेवढ्यात तिने फोन करायचा आणि धाकटा भाऊ राकेश मोबाइल बाबांच्या कानाला लावणार, असं ठरलं होतं. दर रविवारी बाबाच आधी म्हणायचे, "जयभीम, बेटा." आज ती आधी म्हणणार होती.

फोन एकदा वाजून थांबला. राकेशचा मिस्ड कॉल. तिने भिंतीकडे पाहिलं. तीन. हा पोरगा घरून निघाला तरी मिस्ड कॉल देतो, चहा प्यायला तरी देतो! कॉलिंग कार्डावरची मिनिटं तिने बाबांसाठी राखून ठेवली.

भिंतीवर चार वाजले आणि तिने नंबर फिरवला.

"ताई, आत्ता?" राकेशचा आवाज बसला होता. "पाच वाजून गेले. आत नेलं त्यांना."

"चार वाजलेत रे!"

"पाच, ताई."

तिने मागे वळून पाहिलं. दारात सुभाष, तिचा नवरा, चहाचा कप घेऊन उभा होता. इथेच जन्मलेला, शिस्तीचा माणूस.

"क्लॉक्स मी सकाळीच एक तास बॅक केली," तो म्हणाला. "लास्ट संडे ऑफ ऑक्टोबर ना, आजपासून इथे विंटर टाइम. सगळी केली." मग त्याचीही नजर नागपूरवर गेली आणि कप हातातच राहिला.

भांडावं तरी कुणाशी? तिने फोन पुन्हा कानाला लावला.

"परत का नाही केलास रे फोन?"

"करणार होतो," राकेश रडत म्हणाला. "बाबांनी हात धरला. म्हणाले, रविवार आहे तिचा, झोपली असेल. उठवू नको."