अकरा जणांचा धडा

१९९४च्या लांबलेल्या सहामाहीत सुरतेतल्या लिंबायतच्या एका मराठी शाळेतील आठवीच्या चाळीसपैकी एकोणतीस मुलांनी इंग्रजीच्या पेपरात एकच चूक केली. ‘द लूम’ सर्वांनी बरोबर लिहिले. ‘द लूम्स’ हवे तिथे मात्र नुसते ‘लूम्स’. अनेकवचनापुढचा ‘द’ त्यांनी एकजात गाळला होता.

मुख्याध्यापक कापुरेसरांनी निकाल दिला: सामूहिक कॉपी. माफीपत्रावर सही करा, नाहीतर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही.

अठ्ठावीस सह्या झाल्या. एकोणतिसाव्या सुषमाने मात्र पेन खाली ठेवले.

“मोठी शहाणी लागून गेलीस! कर सही.”

“नाही करणार, सर. कॉपी असती तर बाकीच्या चुकाही सारख्या असत्या. त्या प्रत्येकाच्या वेगळ्या आहेत. पेपर बघा.”

सरांनी पेपर चाळले. चुका खरोखरच वेगळ्या होत्या.

“मग ही एकच सारखी कशी?”

“बरोबर लिहिलेल्या अकरा जणांची नावं वाचा, सर. आणि ऑक्टोबरची हजेरी मागवा.”

हजेरीपट आला. ऑक्टोबरभर एकोणतीस नावांपुढे ‘गैरहजर’ होते. हजर होते ते तेच अकरा.

सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला, तेव्हा या एकोणतीस मुलांना घेऊन त्यांची कुटुंबे मूळ गावी, खानदेशात गेली आणि दिवाळीनंतर परतली. प्लेगमुळे बंद झालेली शाळा ऑक्टोबरात उघडली. इंग्रजीच्या बाईंनी अनेकवचनापुढच्या ‘द’चा धडा उरलेल्या अकरा जणांना शिकवला, आणि पुन्हा कधीच घेतला नाही.