वकीलबाईंच्या बाकावरची घोंगडी

मी घोंगडी बोलतेय. होय, मी टोचते. मऊ अंथरूण हवं असेल तर गादीशी बोला.

सिरसाळ्याच्या माळावर सटवानं मेंढरं कातरली, त्याच्या बायकोनं, दगडाबाईनं, लोकर कातली आणि मी विणली गेले. त्यांची बबिता आश्रमशाळेत निघाली तेव्हा मला तिच्या ट्रंकेत कोंबलं. "घोंगडी हाय ना, मग आई जवळच हाय," दगडाबाई म्हणाली. पोरीपेक्षा मलाच जास्त गलबलून आलं.

पुढे बीडच्या वसतिगृहात माझ्या वासानं मुली नाकं मुरडायच्या. बबिता माझ्यावरच पालथी पडून कायदा घोकायची. सनद मिळाल्यावर केजला एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली ती नुसत्या तारखा मागत फिरली. सटवा विचारायचा, "अगं, तू बोलतीस कवा?"

बोलायची वेळ आणली नाथानं. तो मेंढपाळ. तात्याबा या शेतकऱ्याची हरवलेली मेंढी त्याच्या कळपात सापडली. पोलिसांनी विचारलं तर हा भोळा सांब म्हणाला, "हाय की माझ्यातच. लई दिस झाले." झालं, चोरीचा गुन्हा! मेंढपाळ शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतो, खताच्या बदल्यात धान्य मिळतं. चोराची मेंढरं कोण बसवून घेणार? नाथाला एकाही गावात रान मिळेना.

त्यात कोर्टाचं भिजत घोंगडं! ही म्हण मला मुळीच आवडत नाही, पण बबितानं हाती घेतलेला नाथाचा खटला तसाच लोंबकळला.

अखेर साक्षीचा दिवस आला. थंडीत नाथा नुसत्या सदऱ्यावर आला. त्याची घोंगडी त्यानं कोकरांवर पांघरली होती. बबितानं मला पिशवीतून काढून त्याच्या खांद्यावर टाकलं, म्हणून पुढचं सगळं मी स्वतः पाहिलं.

तात्याबा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. बबितानं आवाज चढवला नाही.

"तात्याबा, तुमच्या गोठ्यात दुसऱ्याचं चुकार वासरू आलं तर काय करता?"

"बांधून घेतो. चारापाणी करतो."

"हाकलत का न्हाई?"

"हाकलल्यावर लांडग्याच्या तोंडी जाईल की! मालक येईस्तवर सांभाळायचं."

"आणि नाथानं काय केलं?"

तात्याबानं नाथाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "त्येनंबी त्येच केलं असंल, बाई. आमी इचारलंच न्हाई."

नाथा सुटला. मी तर अभिमानानं फुगले! बबितानं तो प्रश्न पुस्तकातून काढला नव्हता. सटवाच्या कळपात अशी चुकार मेंढरं ती लहानपणापासून बघत होती.

बाहेर व्हरांड्यात तात्याबा घुटमळला. मग नाथाजवळ येऊन म्हणाला, "नाथा, औंदा मेंढरं माझ्या रानात बसव." नाथानं मान डोलावली.

आता मी बबिताच्या कचेरीत बाकावर असते. काठ विरलेत, पण अजून टोचते. फिर्यादी आला काय, आरोपी आला काय, ती आधी मला झटकून अंथरते नि म्हणते, "बसा. काय झालं ते तुमच्या तोंडानं सांगा." बाबांनो, तुम्हीही कुणाला चोर म्हणण्याआधी एवढं विचारत जा.