विठ्ठलच्या हाताचं धनुष्य
पेडण्यातल्या त्या गावात दसऱ्याला देवळाच्या मानकऱ्याने शिवेपलीकडे एक बाण सोडायचा, असा रिवाज. मान सखारामच्या घराण्याचा. थोरला भाऊ विठ्ठल वीस वर्षं तो बाण सोडत आला होता. यंदाच्या वैशाखात त्याचं वर्षश्राद्ध झालं आणि मान धाकट्याकडे आला. सखाराम शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. अंगाने ताडमाड, हात तर एवढे लांब की सदरा शिवताना शिंपी कुरकुरायचा. अशा गड्याला बांबूचं एक धनुष्य ओढायला कितीसा वेळ?

पण धनुष्य ओढवेना. अर्ध्यावर मुकाट यायचं, आणि विठ्ठलसारखी दोरी कानापर्यंत न्यायला गेलं की अडून बसायचं, वर करकरायचं. मानाचं धनुष्य ऐन दसऱ्याला मोडलं तर गाव काय म्हणेल, हे कुणी सांगायला नको होतं.

चोराच्या मनात चांदणं. विठ्ठल आजारी असल्याचा निरोप खाणीवर आला, तेव्हा सखाराम ‘दोन खेपा मारून निघतो’ म्हणाला होता आणि पोचला तो चिता विझल्यावर. दादा अजून रागावलाय, तोच ओढू देत नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. दसरा चार दिवसांवर आला तसा तो धनुष्य घेऊन, मान चुलतभावांना देऊन टाकायला देवळाकडे निघाला. वहिनी देवकी समजूत घालत मागोमाग आली.

वाटेत धाकू मेस्त, गावचा सुतार, पडवीत रंधा मारत होता. धनुष्य त्यानेच केलेलं. सगळं ऐकून तो खो खो हसला. त्याने धनुष्य वाशाला आडवं टांगलं, दोरीत काजूबिया तोलायचा स्प्रिंगचा काटा अडकवला आणि सखारामला खाली ओढायला लावलं. शेजारी स्वतः माप धरलं.

“अठरा इंचाक आठ किलो. वीसाक नऊ. बावीसाक धा, चोवीसाक अकरा. आता ओढ.”

पंचविसाला काटा तेरावर गेला, सव्विसाला सोळावर. बांबू करकरला.

“सोड! बगलंस? चोवीसापर्यंत इंचाक अर्धो किलो, मगे एकदम दोन, तीन. बांबू मी विठ्ठलाच्या हाताक तासलेलंय. तेच्या फुडे तेका वाकूक जागाच नाय.”

“म्हणजे दादा माझ्यार...”

“दादा खंय इलो मदी? तुझे हात लांब!”

“पण दादा कानापर्यंत ओढी!”

“भावजी,” देवकी म्हणाली, “तेंचो कान थंयच येय. बुटके होते ते.”

सखाराम भर दुपारी, दोघांच्या देखत, पोरासारखा रडला. दोन खेपांची चूक ती चूकच. पण दादाने आपल्याला झिडकारलं नाही, एवढं कळलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

दसऱ्याला त्याने दोरी जेमतेम हनुवटीपर्यंत आणली. लांब हात कोपरात दुमडून, मान खाली घालून तो असा काही अवघडून उभा राहिला की बायका खुसखुसू लागल्या. बाण मात्र शीव ओलांडून थेट पलीकडच्या मळ्यात पडला.

सखारामने मागे वळून पाहिलं. तोंडाला पदर लावून सगळ्यांत जास्त देवकी हसत होती. विठ्ठल गेल्यापासून तिला हसताना त्याने पाहिलं नव्हतं. तिचं हसू लवकर थांबू नये म्हणून तो तसाच वाकडातिकडा उभा राहिला.