थप्पीमागची गाणी आणि माझं वाकडं पातं

मी एक जुना लोखंडी टेबल पंखा आहे. बूड जड, मान जरा ताठ आणि स्वभाव बोलका. मित्रांनो, पंख्यानं वारा घालावा आणि गप्प बसावं असं तुम्ही म्हणाल. वारा मी घालतोच, पण गप्प बसणं आज मला जमायचं नाही. कारण मी एका ड्रमवाल्याचा चाहता आहे. साधासुधा नव्हे, पक्का! त्याच्या ड्रमचा मात्र नाही हं. ड्रम बाजूला ठेवून तो जी स्वतःची गाणी करतो ना, त्या गाण्यांचा.

पण हे म्हणजे आधी कळस मग पाया झालं. पहिल्यापासून सांगतो.

हैदराबादच्या एका कारखान्यात मी घडलो. हिरवा रंग, चार पाती, पुढे तारांची गोल जाळी. लातूरच्या आडत बाजारातले संगप्पा सरकीच्या सौद्यासाठी तिकडे आले होते. त्यांनी मला पाहिलं आणि रेल्वेत मांडीवर बसवून घरी आणलं. वाटेत लोक विचारत, काय हो शेठ, नातू का? ते हसून हो म्हणत. दुकानात आल्यावर त्यांच्या गादीसमोर माझी जागा ठरली. सकाळी ते कपाळाला विभूती लावून बसत आणि दुपारपर्यंत ती घामानं पुसू न देणं हे माझं काम. गिऱ्हाईक आलं की आधी माझ्यासमोर बसे, मग भावाचं बोले. माझा थाट काय वर्णावा! बाजारात तेव्हा माझ्यासारखे पंखे दोन-चारच होते.

एका दिवाळीच्या झाडलोटीत मी टेबलावरून खाली आलो आणि माझं एक पातं वाकलं. तेव्हापासून प्रत्येक फेरीला ते जाळीला लागून टक् वाजतं. शिवाय मान डावीकडे पूर्ण वळली की जराशी अडकते आणि कट्ट असं करून परत फिरते. लोक म्हणाले, दुरुस्त करून घ्या. संगप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आवाज हाय तवर पंखा चालू हाय, हे झोपेत बी कळतंय." आणि खरंच तसं होतं. जेवण झालं की ते गादीवर लवंडत, मी टक् टक् करत असे आणि त्यांचा छोटा नातू रविकिरण त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पेंगत असे. लाईट गेली की मी थांबे आणि मी थांबलो की दोघांचेही डोळे उघडत.

पुढे संगप्पा लिंगैक्य झाले. दुकान त्यांच्या मुलाकडे, गुरुबसप्पांकडे आलं. गादीच्या जागी खुर्च्या आल्या, माझ्या जागी कूलर आला. मला उचललं ते थेट मागच्या गोदामात. तिथे मी तुरीच्या नमुन्यातला भुसा उडवायचो. नाकातोंडात फोलपटं, मानेला जाळीजळमटं. वेग कमीजास्त करायचं बटण जळून गेलं, ते कुणी बसवलं नाही. करंट येईल तसं फिरायचं, एवढंच हाती राहिलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी फार कुढलो.

आणि मग रविकिरण गोदामात आला!

आता तो चांगला दाढीमिशीवाला गडी झालेला. आठवडाभर दुकानात बसायचा आणि सुट्टीला नांदेडला पळायचा. तिथे त्यांचा ‘वखर’ नावाचा बँड आहे. गाणारा मुकुल, एका मास्तरांचा मुलगा, आणि ड्रमवर आमचा रविकिरण. त्यांचे कार्यक्रम मी मोबाईलवर पाहिले. रविकिरणची धाकटी बहीण मंजुश्री माझ्या बुडाला मोबाईल टेकवून पाहायची, मी वरून डोकवायचो. बाप रे बाप! पोरगा अंगात आल्यासारखा वाजवतो. समोरची पोरं नुसती उड्या मारतात.

पण मित्रांनो, ड्रम नांदेडला. लातुरात काय, तर मी, तेलाचा रिकामा डबा आणि सोयाबीनची पोती. गुरुबसप्पांनी भाव चढेल म्हणून माल धरून ठेवला होता. पोत्यांच्या थप्प्या आढ्यापर्यंत गेल्या होत्या. त्या थप्प्यांच्या मधोमध हमालांनी ये-जा करायला जागा ठेवलेली, तिथे रविकिरण मोबाईल घेऊन बसला आणि चकितच झाला. बाहेर सौद्याचा एवढा गलका, पण आत काही ऐकू येत नव्हतं. सगळा आवाज सोयाबीन पिऊन टाकत होतं. झालं, त्याचा स्टुडिओ तयार झाला. तिथे तो स्वतःची गाणी म्हणू लागला, आणि ‘थप्पीमागून’ असं नाव देऊन, स्वतःचं नाव न सांगता इंटरनेटवर टाकू लागला. लपूनछपून का? तर ड्रमवाल्यानं गाऊ नये असं बँडमधले चिडवायचे, आणि घरात अप्पा, म्हणजे गुरुबसप्पा, म्हणायचे, आपल्या घरात आवाज सौद्याला लागतो, गाण्याला न्हाई.

माझी पंचाईत वेगळीच. गाणं सुरू करायचं तर आधी मला बंद करायचं! भर मे महिना, दोघं घामानं चिंब, मंजुश्री पुठ्ठ्यानं वारा घालतेय, आणि मी नुसता उभा. एवढं ऐकायला मिळतंय म्हणून मुकाट्यानं बंद राहायचो. गाणं संपलं की मंजुश्री भिंतीवरचं बटण दाबायची, आणि मी असा सुटायचो की विचारू नका. माझ्या टाळ्या त्याच.

काय ती गाणी! ‘केळीचा ट्रक’ घ्या. अर्धापूरहून केळी भरून निघालेला ड्रायव्हर खड्डा दिसला की घड दुखावतील म्हणून हळूच जातो, एवढंच गाणं. बँडमध्ये दोन्ही काठ्यांनी ड्रम बडवणारा हा पठ्ठ्या इथे दोन बोटांनी पोत्यावर थाप देतो, आणि खड्डा आला की तीही देत नाही. आपणच श्वास धरतो! त्या गाण्याखाली अर्धापूरच्या कुणीतरी ‘लई भारी’ असं लिहिलं, तेव्हा भाऊबहीण नाचलीच. ‘कंधारची गाडी’ तर ऐकाच. झाकणात तुरी घालून खुळखुळवल्या आहेत. गाणं मधेच थांबतं, कारण स्टँडवर सगळ्यांना वाटतं गाडी आली, सगळे पिशव्या उचलतात, आणि ती निघते भलतीकडची. मग पुन्हा खुळखुळ सुरू. मला दर वेळी हसू येतं. ‘शिरूर अनंतपाळ’ मात्र मला नाही आवडलं. त्या गावच्या मुलीवरचं प्रेमाचं गाणं आहे म्हणे, पण त्यात गावाचं नावच इतक्यांदा घेतलंय की मुलगी राहिली बाजूला. चाहता झालो म्हणून काय झालं, वाईटाला चांगलं म्हणणार नाही.

मंजुश्रीला भावाचं हे लपणं मुळीच पसंत नव्हतं. तिनं परस्पर सगळी गाणी मुकुलला पाठवून दिली. मुकुलचा फोन आला. रविवारी नांदेडला मोठा कार्यक्रम आहे, त्यात एक गाणं रविकिरणनं गावं, पण नवं हवं, आणि शुक्रवारी पूर्ण करून पाठवावं. नाही जमलं तर नेहमीचीच गाणी वाजतील आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. रविकिरणचा चेहरा असा फुलला की मला बंद असूनही फिरावंसं वाटलं.

नवं गाणं होतं ‘आज्जाची दुपार’. गादी, तराजू, आणि दुपारी लवंडलेला आज्जा. शब्द तयार होते, चाल तयार होती, ठेका मात्र सापडेना. डबा वाजवला तर आज्जाची झोपच मोडायची. पोत्यावर थाप दिली तर गाणं जड व्हायचं. ज्याच्या ठेक्यावर अख्खं नांदेड उड्या मारतं, त्याला स्वतःच्याच गाण्याचा ठेका मिळेना! दिवसामागून दिवस गेले आणि तो उतरलेल्या तोंडानं बसू लागला.

शुक्रवार उजाडला आणि नेमका सोयाबीनचा भाव चढला. गुरुबसप्पा लगबगीनं आले आणि म्हणाले, दुपारी ट्रक लागेल, गोदाम रिकामं करायचं. रविकिरणनं विनवलं, संध्याकाळपर्यंत पोती राहू द्या. थप्प्या गेल्या तर बाजाराचा सगळा गलका आत येणार, मग कसलं गाणं?

"भाव काय तुझ्या गाण्यासाठी थांबून राहिलाय का?" अप्पा म्हणाले. मग पोराच्या तोंडाकडे पाहून जरा नरमले. हमालांचं जेवण होईस्तोवर काय ते उरक, म्हणाले.

दोघं घाईनं बसली. पहिल्या खेपेला गाणं मधेच अडलं. दुसऱ्या खेपेला रविकिरणनं डबाच फेकून दिला. घाम वाळवायला मंजुश्रीनं मला लावलं, आणि तेवढ्यात लाईट गेली. शेजारच्या दुकानाचा कूलर थांबला, समोरची धान्य चाळायची मशीन थांबली. सगळा बाजार निपचित पडला.

"दादा, आता म्हण. असली शांतता पुन्हा मिळायची न्हाई," मंजुश्री म्हणाली.

ठेक्यावाचूनच म्हणतो, असं ठरवून रविकिरणनं मोबाईल सुरू केला. आणि इथेच चूक झाली. माझं बटण कुणी बंद केलं नाही. आपल्याकडे लाईट गेल्यावर बटणाकडे कोण पाहतं? हाताला लागेल तो कागद घेऊन वारा घालत बसायचं. उलट पंखा चालूच ठेवायचा, म्हणजे लाईट आलेली कळते.

रविकिरण गाऊ लागला.

गादीवर दुपार लोळली,
तराजू झोपला, माशी झोपली,
आज्जाच्या मिशीखाली
एक वाऱ्याची झुळूक झोपली.

अहाहा! असा आवाज त्याला आजवर कधीच लागला नव्हता. आणि तेवढ्यात माझ्या अंगात करंट आला. मित्रांनो, मी घाबरून गेलो. नको, आत्ता नको, असं म्हणत मी अंग आवळून धरलं. पण पंख्याला का कुठे नाही म्हणता येतं? दुपारचं व्होल्टेज नेहमीचंच, अगदी मरतुकडं. मी सावकाश फिरलो.

टक्.

मंजुश्रीचे डोळे मोठे झाले. ती बटणाकडे झेपावली. माझ्या मनात आलं, झालं, आपण घात केला. पोराच्या गाण्याचं आपण वाटोळं केलं.

रविकिरणनं हात वर करून तिला थांबवलं. त्यानं डोळे मिटले. टक्... टक्... टक्... कट्ट. माझी मान डावीकडून परत फिरेपर्यंत तो नुसता ऐकत राहिला. मग त्या टक् वर त्यानं दुसरं कडवं ठेवलं, अलगद, जसं काही ते गाणं इतके दिवस माझीच वाट पाहत होतं. मीही मग जीव ओतून वाजलो. पुढे जायचं नाही, मागे राहायचं नाही. मान फिरवताना माझा वारा त्याच्यावरून मंजुश्रीवर जायचा आणि तिथून दाराकडे. दारात गुरुबसप्पा उभे होते, आणि त्यांच्या मागे जेवून आलेले हमाल. अप्पांनी एक हात आडवा धरून सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं होतं.

गाणं संपलं. मी तेवढा वाजत होतो.

"अण्णा झोपायचे तवा असंच वाजायचं," गुरुबसप्पा म्हणाले. अण्णा म्हणजे त्यांचे वडील, आमचे संगप्पा. त्यांनी रुमालानं डोळे पुसले. "रवी, अजून एकदा ऐकव."

रविकिरणनं मोबाईल लावला आणि मंजुश्रीनं मला बंद केलं. हमाल थप्पीला टेकून बसले. इतक्या वर्षांत माझा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा बाहेरून ऐकला. काय सांगू तुम्हाला, बरा आहे हो माझा आवाज!

मग ट्रक भरला. भाव काही कुणासाठी थांबत नाही. संध्याकाळपर्यंत आमचा स्टुडिओ सोलापूरच्या रस्त्याला लागला. पण त्याच्या आधी गाणं नांदेडला पोचलं होतं आणि मुकुलचा फोनही आला होता. हे टक् टक् कुठलं वाद्य आहे, रविवारी ते स्टेजवर पाहिजेच, असं तो ओरडत होता.

शनिवारी गुरुबसप्पांनी मला स्वतः पंखेवाल्याकडे नेलं. रविकिरणच्या सांगण्यावरून, सावकाश फिरता यावं म्हणून, मला वेगाचं नवं बटण बसवलं. नांदेडच्या हॉलमध्ये आमच्या गोदामासारखा मरतुकडा करंट कुठला मिळायला? माझ्या मानेत तेल घातलं, भुसा काढला, अंग पुसलं. मग पंखेवाल्यानं पक्कड घेतली आणि माझं वाकडं पातं धरलं. मी मनात म्हटलं, संपलो! हे सरळ झालं की मी कोण? बाजारात मिळतो तसला एक पंखा.

गुरुबसप्पांनी त्याचा हात धरला. "बाकी काय बी करा," ते म्हणाले, "त्या पात्याला हात लावू नका. ते आमच्या घरचं हाय."

आता रविवार आहे, मित्रांनो, आणि मी नांदेडला स्टेजवर ड्रमच्या शेजारी उभा आहे. समोर गर्दी मावेना. पहिल्या रांगेत गुरुबसप्पा आहेत, विभूती लावून, नवं धोतर नेसून. रविकिरणनं काठ्या खाली ठेवल्यात आणि माईक जवळ घेतलाय. तुमच्या घरी माळ्यावर माझ्यासारखं कुणी पडलं असेल, तर त्याला खाली काढा, पुसा, तेल घाला. मात्र त्याचं वाकडं सरळ करायच्या आधी दोन घटका कान देऊन ऐका, ते काय वाजतंय ते. आणि आता मला बोलायला लावू नका. मंजुश्रीचं बोट माझ्या बटणावर आलंय.

टक्.