परातीत उठलेला रोहू

तलावाच्या पाळीवर सकाळपासून जत्रा भरली होती. आमच्या तालुक्याच्या गोरेगावच्या बाजारालाही एवढी माणसं जमत नाहीत. मोटारसायकली थेट बांध्यांत, धानाच्या शेतांत घुसल्या होत्या आणि मधोमध नंदलाल महाराज पितळी परात मांडून बसले होते.

"देखो, माता का कोप देखो!"

त्यांनी तलावातून काढलेला रोहू वर धरला. अंगभर लाल फोड, एका जखमेतून मांस दिसत होतं, जीव जेमतेम उरलेला. चेल्याने घागर डोक्याच्याही वर नेऊन धार सोडली. परात भरली. महाराजांनी मासा आत ठेवला आणि मंत्र सुरू केला. मंत्र चांगलाच लांब होता. मध्ये महाराजांचा मोबाइल नंबरही येऊन गेला. हळूहळू मासा सरळ झाला, शेपटी हलली.

"मरी मछली जिंदा! बोलो, जय माता दी!"

पाळ दणाणली. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. मला तो मासा पाहून हसू आलं असतं, पण समोर चेतना बसली होती. शामकला ढिवरणीची ही सून, सातवा महिना लागलेली. ग्रहणात पोरगी तलावात उतरली म्हणून माता कोपली आणि मच्छी सडायला लागली, असा महाराजांचा निकाल. प्रायश्चित्त काय, तर तलाव बरा होईपर्यंत रोज सकाळी त्याच तलावाचं लोटाभर पाणी प्यायचं. नाही प्यायली तर शामकलाचं जाळं तलावात पडणार नाही, असं गावाने ठरवलं. त्या जाळ्यावरच त्यांची चूल पेटते. पोरगी निमूटपणे पीत होती. आजचा लोटा तिच्या हातात होता आणि माझं डोकं फिरलं.

"महाराज, तलाव पायाशी आहे. मग तुमचा चेला शाळेच्या हातपंपावर घागर कशाला भरत होता?"

"वो पवित्र जल है, बेटी."

"मग आमच्या पोरांचे डबेही पवित्र जलाने धुतले जातात म्हणायचे!"

मी त्याच हातपंपाची बादली भरून आणली होती, सोबत एक टबही. शामकलाला दुसरा मासा काढायला सांगितला. पाणी उंचावरून टबात सोडलं, मासा ठेवला, हात जोडले आणि मोठ्याने पाढे म्हणायला लागले. लोक हसले. मी तेराच्या पाढ्यापर्यंत पोचले तेव्हा रोहू सरळ झाला होता, आणि हसणंही थांबलं होतं.

"हा मंत्राचा गुण नाही. मासा खराब पाण्यातून चांगल्या पाण्यात आला. उंचावरून पडताना पाण्यात हवा मिसळली. मंत्र लांबवला की माशाला दम घ्यायला वेळ मिळतो. महाराज, आता तलावाचं पाणी परातीत घ्या आणि त्यात मासा उठवून दाखवा."

महाराजांना एकाएकी बालाघाटची बस आठवली. परातही तिथेच राहिली.

"पण फोड, मॅडम?" योगराजभाऊंनी विचारलं. तलावाच्या पाण्यावर सगळ्यांत जास्त धान त्यांचं. महाराजांना त्यांनीच आणलं होतं. "फोड तं मातेचेच आहेत ना जी?"

"एवढा मंत्र म्हणूनही महाराजांच्या परातीतल्या माशाचे फोड तसेच आहेत, बघा. जंतू पाण्यात नेहमीच असतात, धडधाकट मासा त्यांना अंगाला लागू देत नाही. पण फवारणीची काही औषधं माशाच्या अंगात जाऊन हार्मोन्सची नक्कल करतात. शरीराला भलतेच हुकूम मिळतात, रोगाशी लढायची ताकद खचते आणि साधा जंतूही कातडी फोडतो. इथं तेच झालं असावं, असा माझा संशय आहे. नक्की काय ते पाणी तपासल्यावरच कळेल. भाऊ, फवारणीचा पंप कुठे धुता?"

"तलावावर. सारेच धुतात."

"घरच्या नळावर का नाही?"

"काहीतरीच बोलता, मॅडम! घरी लेकरं आहेत ना जी. जहर आहे ते!"

बोलून गेले आणि त्यांचं तोंड उतरलं. सगळ्या पाळीवर कोणी कोणाकडे बघेना.

शामकलाने सुनेच्या हातातला लोटा हिसकावला. "मीच इले पाजून राहिली होती वो बाई, माह्या हातानं!" तो तलावात रिकामा करायला तिने हात उचलला आणि तसाच थांबवला. "मॅडम, हे आता फेकू कुठं?"

मी तो लोटा तिच्या हातातून घेतला आणि खाली ठेवला.

"माह्या लेकराले काही होईल का जी?" चेतनाने हळूच विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. खोटा धीर द्यायला मी काही महाराज नव्हे. "आत्ताच दवाखान्यात जाऊ." योगराजभाऊंनी गाडी काढली.

तेव्हापासून मला नीट झोप नाही. बाबा पळाला, तलावात उतरलेलं जहर मात्र तिथंच आहे, आणि ते मातेनं नाही, आपणच टाकलं. म्हणून हात जोडून सांगते, संकट आलं की आधी कारण शोधा, मग गुन्हेगार. गरोदर पोरीला धरणं सोपं असतं, आपला पंप तपासणं जड जातं. घरच्या लेकराला जे पाणी चालत नाही, ते तलावालाही चालत नाही.