डाव्या हाताचा ठोका

सुनेनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटलेल्या आवाजाच्या लाटेत ठोक्याच्या अगदी तोंडाशी रेघ ओढली आणि तुकडा कापला. धप्प! भरदार, गोल आवाज. तो तिनं बोटानं वाजवायच्या पॅडच्या डावीकडच्या रबरी बटणावर नेऊन ठेवला. जुन्या आवाजांचे तुकडे कापून नवे बीट रचायचे, हाच तिचा धंदा.

मागे पलंगाशेजारी सासरे खुर्चीत बसले होते. ऑर्केस्ट्रात कोंगाचे उभे ढोल वाजवण्यात त्यांची उभी हयात गेली होती, आणि आजचे ठोके त्यांचेच होते, एका जुन्या टेपवरचे. अर्धांगाचा झटका आल्यापासून डावा हात मांडीवर पडून होता. बोटं हलवत राहा, नाहीतर हात कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण व्यायामाचा चेंडू हातात दिला की स्वारी तो उजव्या हातानं पलंगाखाली भिरकावून देई.

"वाजवता येईना, म्हणून कापाकापी," ते म्हणाले. "त्यापेक्षा शिवणाचा क्लास काढ."

"काढते ना. पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच." तिनं त्यांचा डावा हात उचलून पॅडवर ठेवला. "हे तुमच्या डाव्या हाताचे ठोके, बाबा. नुसतं बोट टेकवा."

"थट्टा नको माझी."

"बरं, राहिलं." ती चहा ठेवायला उठली.

दूध वर येत असताना ऐकू आलं, धप्प. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, धप्प! तिच्या हातातली सांडशी तशीच राहिली. दूध उतू गेलं, पण तिला कोण आनंद झाला.

धावत आली, तर सासऱ्यांचा चेहरा पडलेला.

"दुसऱ्या वेळी बोट नुसतं घसरलं होतं. तरी तेवढाच दणका? काय लबाडी आहे ही?"

पकडलं म्हाताऱ्यानं! तिनं एक कळ चालू ठेवली होती, म्हणजे कसाही हात लागो, ठोका पूर्ण जोरातच पडायचा. तेवढंच त्यांना बरं वाटेल, म्हणून.

"बंद कर ते."

"मग ऐकूसुद्धा येणार नाही, बाबा. आत्ता तुमच्या हातात..." तिनं जीभ चावली.

"बंद कर म्हटलं ना."

तिनं कळ बंद केली. त्यांनी दात आवळले. खांदा थरथरला, बोट कसंबसं उचललं गेलं आणि खाली आलं. स्पीकरमधून उंदीर सरकल्याएवढा आवाज आला. तिचा हात पुन्हा कळीकडे गेला.

सासरे मात्र कान देऊन ऐकत होते.

"हा माझा," ते म्हणाले. "मघाचा त्या टेपमधल्याचा होता."

त्यांनी पुन्हा बोट उचललं. कपाळावर घाम आला होता.

"चहाचं काय झालं?"

"उतू गेलं दूध."

"जाऊ दे. तो चेंडू काढ गं खालचा."

ती पलंगाखाली शिरली. चेंडू लगेच हाताला लागला. डोळे पुसायलाच वेळ गेला.

"सापडला," वरून आवाज आला, "की तोही कापलास?"