आंबेहळदीचा लेप

"सूज हाय म्हणतासा, मंग उतरवा ना ती!" सोनूबाईने डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटला.

बाई तापट खरी, पण आज तिचं तरी काय चुकलं? तिच्या नवऱ्याला, केरूला, विसरायची व्याधी जडली होती. आधी कोयती कुठे ठेवली ते विसरला, मग काजूच्या बागेतून घरी यायची वाट, आणि गणपतीनंतर तर तिलाच. लग्नाची बायको पुढ्यात उभी, आणि हा लेकाला विचारतो, "ही कोण रे?" चारचौघांत त्याने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती, पण घरात 'सोनू' म्हणायचा. तेवढी एक हाक तिला परत हवी होती.

तपासणीसाठी पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, असं सारी वाडी सांगत होती. तिने कुणाला जुमानलं नाही. मणक्यात सुई शिरताना केरू "आयेऽ" करून ओरडला, तेव्हा तिनेच त्याला दाबून धरलं होतं.

आणि आता रिपोर्ट आला तर डॉक्टर म्हणतात, आजार अल्झायमरच आहे. पाण्यात सुजेच्या खुणाही वाढलेल्या आहेत. पण ही सूज मेंदूच्या आतली. ती उतरवून गेलेली आठवण परत आणेल, असं औषध अजून निघालेलं नाही. त्या खुणा मोजतात त्या पुढच्या अभ्यासासाठी.

"अभ्यास? माज्या घोवाच्या पाठीत सुई घालून अभ्यास करतासा?"

"आये, डॉक्टर तरी काय करतील?" मुंबईहून रजा काढून आलेला संदेश पुटपुटला.

"कायतरी करतील म्हणून तर आणला ना तुज्या बापाला!"

घरी येताच तिने सहाण पुढ्यात ओढली आणि आंबेहळद उगाळायला घेतली.

"आये, ती काय गुडघ्याची सूज नाय. कपाळाला लेप लावून आत काय पोचणार?"

"गप ऱ्हव तू. त्यांच्याकडे औषध नाय, माज्याकडे हाय ता मी लावते."

तिला काय कळत नव्हतं होय? कवटीचं हाड केवढं जाड, ते तिलाही ठाऊक होतं. पण हातावर हात ठेवून बसणं तिच्या बापजन्मात जमलं नव्हतं. ती रोज संध्याकाळी त्याला पडवीत बसवायची, लेप लावायची आणि जगातल्या सगळ्या डॉक्टरांना शिव्या घालायची.

एका संध्याकाळी केरूने डोळे मिटून घेतले. "बरा वाटताय, बाये," तो म्हणाला. "माजी बायकोपण असाच लेप लावायची."

सोनूबाईचा हात थांबला. "कुठं असते ती?"

"घरी. सोनू नाव तिचा." तो चुळबुळायला लागला. "मना घरी सोड ना, बाये. वाट बघत असंल. उशीर झाला की लय वरडते."

सोनूबाईने पदराने नाक पुसलं.

"सोडते हां," ती म्हणाली. "लेप सुकू दे आदी."